दहावीला ६८ टक्के पडले तर सायंटिस्ट होता येतं का? मार्कशीट नेमकी कुठपर्यंत चालते?

१३ मे २०२५ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन लागला. राज्याचा निकाल होता ९४.१० टक्के. २११ विद्यार्थ्यांना शंभरपैकी शंभर टक्के गुण मिळाले आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपचे स्टेटस पेढ्यांच्या फोटोंनी भरून गेले.

अशा दिवशी उलव्यातल्या कुठल्याही सोसायटीत दोन प्रकारची घरं असतात. एका घरात ९५ टक्के पडलेले असतात. तिथे मुलाला काय आवडतं हे न विचारताच 'सायन्स' ठरतं आणि क्लासची चौकशी सुरू होते. दुसऱ्या घरात ६८ टक्के पडलेले असतात. त्या मुलीला विज्ञान मनापासून आवडत असतं, पण शेजारचे काका सांगून जातात, "सायन्स झेपायचं नाही, कॉमर्सला टाका."

दोन्ही घरांत निर्णय एकाच आकड्यावर होतो. हा आकडा विज्ञानातल्या करिअरसाठी खरंच इतका महत्त्वाचा आहे का? संशोधन संस्थांमध्ये प्रवेश देताना, शिष्यवृत्ती देताना, नोकरी देताना तो कोण बघतं आणि कोण बघत नाही? पाहूया.

आधी थोडक्यात उत्तर

शाळेच्या परीक्षांचे मार्क विज्ञानाच्या वाटेवर मोजक्या दारांवर लागतात. अकरावीचा प्रवेश, बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची पात्रता आणि काही शिष्यवृत्त्या ही ती दारं. तिथे मार्क कमी पडले तर खरोखर अडतं. पण एकदा आत गेल्यावर तेच मार्क पुन्हा फारसं कुणी विचारत नाही. शास्त्रज्ञ म्हणून निवड होते ती पदवी, पदव्युत्तर शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा, मुलाखत आणि प्रत्यक्ष काम यांवर.

म्हणजे "मार्कांना काही अर्थ नाही" हे जितकं चूक, तितकंच "६८ टक्के म्हणजे सायन्स संपलं" हेही चूक.

उलव्याच्या भोवती विज्ञान कुठे कुठे आहे?

उलवे म्हटलं की लोकांना नवी मुंबई विमानतळ, अटल सेतू आणि सिडकोचे सेक्टर आठवतात. पण देशातल्या महत्त्वाच्या संशोधन संस्थाही इथून रोज ये-जा करता येईल इतक्या जवळ आहेत.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, अवकाशातलं हवामान यांचा अभ्यास तिथे चालतो. अंटार्क्टिकातल्या भारतीय तळावरही ही संस्था नोंदी घेते. तिचं मूळ १८२६ साली सुरू झालेल्या कुलाबा वेधशाळेत आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं गेलं. म्हणजे रायगड जिल्ह्यात हे शास्त्र शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं 'ॲक्ट्रेक' आहे. तिथे कर्करोगावर उपचारही होतात आणि संशोधनही. खारकोपर किंवा बामणडोंगरीहून लोकलने नेरुळ गाठलं आणि हार्बरची गाडी पकडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिम्पियाडसाठी भारताचे संघ इथेच निवडले आणि तयार केले जातात. त्याच बाजूला ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी. त्यापुढे कालिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून चालवलेलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र 'सीईबीएस', पवईला आयआयटी आणि कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर.

प्रश्न असा, की यातल्या कुठल्या दारावर कुठली मार्कशीट मागतात? दहावीपासून एकेक टप्पा बघू.

दहावीचे मार्क काय ठरवतात?

राज्य मंडळाच्या दहावीत 'बेस्ट ऑफ फाइव्ह' पद्धत आहे. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतात. कला-क्रीडेचे सवलतीचे गुण असतील तर तेही मिळवले जातात. पास व्हायला ३५ टक्के लागतात.

हे टक्के लागतात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठी. मुंबई महानगर क्षेत्रात ही पद्धत अनेक वर्षं आहे. २०२५-२६ पासून ती राज्यभर लागू झाली. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर कुठे लागतो यावर कॉलेज ठरतं. मुंबईतल्या नामांकित कॉलेजांची कटऑफ नव्वदीच्या पुढे जाते, पण जवळपासच्या बऱ्याच कॉलेजांत सायन्सला त्यापेक्षा खूप कमी टक्क्यांवरही जागा मिळते.

थोडक्यात, दहावीचे टक्के सांगतात 'कोणतं कॉलेज'. 'सायन्स की नाही' हे ते सांगत नाहीत. शिवाय ती टक्केवारी भाषा, समाजशास्त्र, गणित, विज्ञान या सगळ्यांची मिळून असते. ६८ टक्क्यांच्या मुलीला विज्ञानात ८५ असू शकतात आणि ९५ टक्क्यांच्या मुलाला विज्ञानात अजिबात रस नसू शकतो. म्हणून एकूण टक्क्यांच्या आधी गणित आणि विज्ञान या दोन ओळी वाचायला हव्यात.

दहावीनंतर आणखी एक वाट आहे, पॉलिटेक्निकची. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पुढे संशोधनाकडेही वळता येतं.

अकरावीला विषय निवडताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गणित सोडलं की भौतिकशास्त्र आणि इंजिनीअरिंगची बरीच दारं तिथेच बंद होतात. जीवशास्त्र सोडलं की मेडिकलची थेट वाट बंद होते. हा निर्णय दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त दूरवर परिणाम करतो, आणि तो बऱ्याचदा फॉर्म भरताना पाच मिनिटांत घेतला जातो.

बारावीला किती मार्क 'पुरेसे' असतात?

इथे आकडे नेमके माहीत असलेले बरे. विज्ञान क्षेत्रातल्या महत्त्वाच्या प्रवेशांसाठी बारावीच्या अटी साधारण अशा आहेत:

• आयसर (पुण्यासह देशभरातल्या संस्था): बारावीला किमान ६० टक्के. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५ टक्के. निवड आयएटी या परीक्षेवर.

• सीईबीएस, मुंबई आणि नायसर, भुवनेश्वर: किमान ६० टक्के, वरीलप्रमाणेच ५५ टक्क्यांची सवलत. निवड नेस्ट या परीक्षेवर.

• आयआयटी आणि एनआयटी: ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं. निवड जेईईवर.

• राज्यातलं इंजिनीअरिंग: भौतिकशास्त्र, गणित आणि ठरलेला तिसरा विषय मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. निवड एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनवर.

• एमबीबीएस: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रात ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. निवड नीटवर.

(अटींमध्ये दरवर्षी बारीकसारीक बदल होतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म भरा.)

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की बारावीचे मार्क इथे पात्रतेपुरते आहेत, निवडीपुरते नाहीत. आयसरच्या प्रवेशात बारावीला ६१ टक्के मिळवलेली मुलगी आणि ९६ टक्के मिळवलेला मुलगा एकाच रेषेवर उभे असतात. पुढे कोण जाणार हे आयएटीचा स्कोअर ठरवतो. पण ५९ टक्के असलेला विद्यार्थी, आयएटीत कितीही चांगला असला तरी, त्या रेषेवर उभाच राहू शकत नाही.

नेहमीच असं नव्हतं. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात आणण्याची खटपट त्यासाठी करावी लागायची. २०१७ पासून ते वजन काढून टाकलं गेलं.

मग बारावीचा अभ्यास फुकट जातो का? नाही. अभ्यासक्रम बराचसा तोच असतो. एमएचटी-सीईटीत अकरावीवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न असतात. जेईई आणि आयएटीत तर अकरावीला तितकंच महत्त्व असतं. आणि नेमकं अकरावीचं वर्षच बरीच मुलं 'रेस्ट इयर' समजून घालवतात.

आयएटीत ६० प्रश्न असतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा, एकूण २४० गुण. म्हणजे अकरावीत गणित किंवा जीवशास्त्र सोडलं असेल, तर ६० गुणांचा भाग शाळेत न शिकताच सोडवावा लागतो.

मार्क थेट पैसे कधी मिळवून देतात?

एक जागा अशी आहे, जिथे बारावीची टक्केवारी अजूनही थेट मोजली जाते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती. आपल्या बोर्डाच्या बारावीत पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीसारख्या मूलभूत विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना तिच्यासाठी अर्ज करता येतो. रक्कम वर्षाला ८० हजार रुपये, पाच वर्षांपर्यंत. इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला गेलात तर ती मिळत नाही.

ज्या घरात "बीएस्सी करून काय करणार, आधी कमवायला लाग" असं म्हटलं जातं, तिथे या रकमेने चर्चेचा सूर बदलू शकतो. विमानतळासाठी गाव सोडावं लागलेली कुटुंबं असोत की भाड्याने राहायला आलेली नोकरदार कुटुंबं, विज्ञानाच्या लांब वाटेवर सगळ्यात आधी प्रश्न येतो तो पैशाचा.

याचं सगळ्यात ठळक मराठी उदाहरण म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९४३ साली गोव्यातल्या माशेल गावी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई त्यांना घेऊन मुंबईला आली आणि मोलमजुरी करून तिने घर चालवलं. गिरगावात पालिकेच्या शाळेत आणि पुढे युनियन हायस्कुलात ते शिकले. १९६० साली शालान्त परीक्षेत ते राज्याच्या गुणवत्ता यादीत अकरावे आले. तरीही पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण चालू राहिलं. यूडीसीटीमधून, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या आयसीटीमधून, ते १९६६ साली केमिकल इंजिनीअर झाले आणि १९६९ साली त्यांनी पीएचडी केली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि १९९५ ते २००६ सीएसआयआरचे महासंचालक.

माशेलकरांची गोष्ट "गुणवत्ता यादीत आले म्हणून शास्त्रज्ञ झाले" अशी सांगितली जाते. नीट पाहिलं तर त्या अकराव्या क्रमांकाने केलेलं काम मर्यादित होतं, पण ते त्या क्षणी निर्णायक होतं. त्याने शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि शिक्षण थांबू दिलं नाही. बाकीचं काम पुढच्या नऊ वर्षांच्या अभ्यासाने केलं.

म्हणून ज्या घरात पैशाची अडचण आहे, तिथल्या मुलांसाठी मार्क जास्त महत्त्वाचे असतात. ज्याच्याकडे दुसरं काही नाही, त्याच्यासाठी तो आकडाच मदतीचा दाखला ठरतो. "मार्कांचं काय एवढं" असं म्हणणं सगळ्यांना सारखं परवडत नाही.

पदवीनंतर दहावी-बारावी कोण विचारतं?

आता पुन्हा त्या संस्थांच्या दारावर येऊ.

बीएआरसीमध्ये सायंटिफिक ऑफिसर होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे १९५७ पासून चालू असलेलं त्यांचं ट्रेनिंग स्कूल. अट असते पदवीला किमान ६० टक्के. त्यानंतर ऑनलाइन परीक्षा किंवा गेटचा स्कोअर लागतो तो फक्त मुलाखतीला बोलावण्यासाठी. अंतिम निवड मुलाखतीवर. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर याच वाटेने आले. रुपारेल कॉलेज, मग १९६३ साली व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंग, मग ट्रेनिंग स्कूल आणि १९६४ पासून बीएआरसी.

इस्रोच्या 'सायंटिस्ट/इंजिनीअर एससी' या पदासाठी इंजिनीअरिंगच्या पदवीला किमान ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत.

पीएचडीसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तिला एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. यात जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये फेलोशिप आहे, आणि दोन वर्षांनंतर ती ४२ हजार होते. नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था असो किंवा खारघरचं ॲक्ट्रेक, पीएचडीसाठी तिथे जाणारा विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण, पात्रता परीक्षा आणि मुलाखत यातूनच जातो.

या टप्प्यावर दहावीचं प्रमाणपत्र अजूनही मागतात. बहुतेक वेळा जन्मतारखेचा पुरावा म्हणून.

मग पुढे यश कशावरून कळतं?

यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. तिथल्या विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश घेतलेल्या सुमारे चार हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली आणि २०१९ साली निष्कर्ष 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात छापून आले. प्रश्न होता, पीएचडी पूर्ण कोण करतं? भौतिकशास्त्राच्या एका दिवसाच्या प्रवेश परीक्षेतल्या स्कोअरचा पीएचडी पूर्ण होण्याशी ठोस संबंध दिसला नाही. पदवीच्या सगळ्या वर्षांत मिळून मिळवलेल्या गुणांचा संबंध मात्र दिसला.

हा अभ्यास शाळेच्या परीक्षांबद्दल नाही आणि भारतातलाही नाही. तरी त्यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. एका दिवसाच्या पेपरापेक्षा काही वर्षं सातत्याने केलेलं काम जास्त सांगून जातं. म्हणजे दहावीत ६८ टक्के मिळालेल्या मुलीसाठी बीएस्सीची तीन-चार वर्षं ही खरी संधी आहे, आणि दहावीत ९५ टक्के मिळालेल्या मुलासाठी तीच वर्षं खरी कसोटी.

'आइन्स्टाईन गणितात नापास झाले होते' हे खरं आहे का?

नाही. दर निकालाला फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. आइन्स्टाईन यांचं १८९६ सालचं स्वित्झर्लंडमधल्या आराऊ इथल्या शाळेचं प्रमाणपत्र उपलब्ध आहे. तिथे ६ हा सर्वोच्च गुण होता, आणि बीजगणित, भूमिती व भौतिकशास्त्रात त्यांना ६ पैकी ६ होते. फ्रेंचमध्ये मात्र ३. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली होती. त्यात ते निवडले गेले नाहीत, पण गणित आणि भौतिकशास्त्रातली त्यांची कामगिरी चांगली होती.

श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट खरी आहे. गणित सोडून इतर विषयांत नापास झाल्यामुळे त्यांची कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली आणि पुढे एफए ही परीक्षाही ते पास होऊ शकले नाहीत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन १९४९ साली ईटनच्या शाळेत जीवशास्त्रात २५० मुलांमध्ये शेवटचे आले. शास्त्रज्ञ होण्याचा विचार म्हणजे वेळेचा अपव्यय, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी लिहिला. त्यांना विज्ञान सोडून ग्रीक-लॅटिन शिकावं लागलं. २०१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या गोष्टी सांगताना एक काळजी घ्यायला हवी. आपल्याला परत आलेले रामानुजन आणि गर्डन दिसतात. एका शेऱ्यामुळे किंवा एका विषयात नापास झाल्यामुळे विज्ञान कायमचं सोडलेली मुलं दिसत नाहीत. म्हणून "नापास होऊनही मोठे होता येतं" हा या गोष्टींचा अर्थ नाही. चुकीच्या मोजमापामुळे चांगला माणूस जवळजवळ हातचा गेला होता, हा आहे.

भरपूर मार्क असूनही दार बंद असतं का?

असतं, आणि याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, त्या स्त्री होत्या.

कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच मान्यता. त्यांनी ते वर्ष पार पाडलं आणि त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश देणं सुरू केलं. १९३९ साली केंब्रिजमधून त्यांनी पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. मुंबईला परतल्यावर त्यांनी नीरेतल्या पोषक घटकांवर काम केलं.

विद्यापीठात पहिला नंबरही त्यांना पुरला नाही. आज मुलींना असं तोंडावर कुणी सांगत नाही. पण "मुलीला कशाला पीएचडी, तिशी उलटेल" हे वाक्य आजही ऐकू येतं. बारावीनंतर पाच वर्षं एमएस्सीपर्यंत आणि त्यापुढे साधारण पाच वर्षं पीएचडी, असा हा हिशोब आहे. एवढा काळ घर पाठीशी उभं राहणार का, हा प्रश्न कुठल्याही मार्कशीटवर छापलेला नसतो.

मार्कशीट काय मोजत नाही?

बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. शास्त्रज्ञाचं रोजचं काम त्या ३० गुणांच्या भागाशी जास्त जुळतं. मोजमाप घेणं, ते चुकलं तर का चुकलं हे शोधणं, पुन्हा करणं, नोंद ठेवणं. पण क्लासला टायअप असलेल्या कॉलेजांत प्रॅक्टिकल हाच भाग सगळ्यात आधी गुंडाळला जातो. जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलं जातं आणि ३० पैकी २८ मिळतात. मार्क येतात, काम मात्र शिकलेलं नसतं.

ही कसर भरून काढायला उलव्याच्या मुलांना लांब जावं लागत नाही. सहावी आणि नववीसाठी मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची 'डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा' असते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखतही असते. ऑलिम्पियाडची पहिली फेरी साधारण नोव्हेंबरमध्ये होते आणि त्यासाठी शाळेत नंबर असण्याची गरज नसते. टीआयएफआरचा 'चाय अँड व्हाय?' हा शास्त्रज्ञांशी मोकळ्या गप्पांचा मोफत कार्यक्रम मुंबईत २००९ पासून चालू आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सामान्य लोकांसाठी खुल्या असतात.

मार्क कमी पडलेच, तर काय करायचं?

• दहावीला कमी पडले: विज्ञान आणि गणिताचे गुण वेगळे काढून पाहा. ते बरे असतील आणि आवड असेल, तर नामांकित कॉलेजचा हट्ट सोडून जवळच्या कॉलेजात सायन्स घ्या. प्रयोगशाळा कशी आहे आणि प्रॅक्टिकल खरंच होतात का, हे तिथल्या मुलांना विचारा.

• बारावीला ६० च्या खाली आले: राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षा देता येते. ६० आणि ७५ या दोन रेषांच्या थोडं खाली असाल तर हा पर्याय गांभीर्याने घ्या. दोन टक्क्यांनी पूर्ण दार उघडू शकतं.

• आयसर, आयआयटी हुकलं: पनवेल, नवी मुंबईतल्या कॉलेजांतून बीएस्सी करा. बीएस्सीनंतर 'जाम' ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. तिथे बारावीच्या टक्क्यांवर क्रमवारी लागत नाही.

• पदवीच्या पहिल्या वर्षापासून टक्के सांभाळा: ५५, ६०, ६५ या रेषा पुढे पदवी आणि एमएस्सीला लागतात. बारावीनंतर 'सुटलो' म्हणून पहिलं वर्ष वाया घालवणारे पुढे इथेच अडकतात.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

६० टक्क्यांची रेषा ओलांडणं गरजेचं, ७५ ओलांडलं तर आणखी दारं उघडतात आणि बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलात तर शिष्यवृत्तीची वाट मोकळी होते. या तीन रेषांच्या मधले टक्के, म्हणजे ८१ की ८७ यातला फरक, विज्ञानाच्या लांब वाटेवर जवळजवळ कुठेच मोजला जात नाही. घरातली सगळ्यात जास्त भांडणं मात्र याच फरकावरून होतात.

म्हणून निकालाच्या दिवशी ६८ टक्के पडलेल्या मुलीला विचारायचा प्रश्न "एवढे कमी कसे?" हा नाही. गणित आणि विज्ञानात किती आहेत, कुठला धडा वाचताना वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि पुढची रेषा ओलांडायला काय मदत हवी, हे तीन प्रश्न आहेत. ९५ टक्क्यांच्या मुलालाही शेवटचे दोन तसेच विचारायला हवेत. अकरावीचा फॉर्म त्यानंतर भरला तरी चालतो.